धुरीमामा आणि दोन पुढचे दात

धुरीमामा सकाळी प्रयोगशाळेचं कुलूप काढत आणि दिवा लावायच्या आधी, खिडक्या उघडायच्या आधी, अंधारातच कोपऱ्यातल्या टेबलाशी जात. त्या टेबलावर एक जबडा होता. प्लास्टरचा, पिवळट पडलेला, फक्त खालचा, माझ्या अख्ख्या हाताएवढा लांब, आणि टोकाशी छिन्नीसारखे पुढे आलेले दोन दात. मामा त्या दातांवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक करत आणि म्हणत, "उठलंस मा?" मग दिवा लागे. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्यांच्या मागोमाग आत शिरले. अंधारात टकटक ऐकू आली, कोणीतरी कोणाला तरी उठवतंय एवढं कळलं, आणि मी किंचाळले. कॉलेजातली माझी नोकरी अशी किंकाळीने सुरू झाली.

मी जन्माचीच भित्री. "प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आणि पाल दिसली की पलंगावर," असं आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. ब्याऐंशी साली मुलुंडच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. भांडुपच्या आमच्या चाळीतून कॉलेजात शिकवायला जाणारी मी पहिलीच. वडिलांनी बुद्धाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, पेढे वाटले, आणि मी रात्रभर जागीच पडून राहिले. मला मुलांची भीती वाटत होती, इंग्रजीची वाटत होती, आणि सगळ्यात जास्त विभागप्रमुख प्रधान सरांची. प्रधान सर ओरडत नसत. ते चष्मा काढून पुसत, आणि पुसून होईपर्यंत समोरच्या माणसाने काय चुकलं ते स्वतःच शोधायचं असे.

पहिलं प्रॅक्टिकल झुरळाचं होतं. बाहेर चाळीस मुलंमुली स्टुलं ओढत होती आणि मी फॉर्मॅलिनच्या बरण्यांच्या खोलीत जाऊन उभी होते. एका बाजूच्या बरणीत नाग, दुसऱ्या बाजूच्या बरणीत घोरपड, मध्ये मी. मामा आत आले. बुटके, रुंद, खाकी शर्टाची वरची गुंडी कायम उघडी, डाव्या गालात तंबाखूची गोळी. प्रयोगशाळेत परिचर म्हणून ते माझ्या जन्माच्या आधीपासून होते. मालवणकडचे. मुंबईत तीस वर्षं काढूनही मालवणीने त्यांची जीभ सोडली नव्हती. कॉलेजात सगळेच त्यांना मामा म्हणत.

"काय झाला मॅडम?"

"काही नाही. बरण्या बघतेय."

"बरण्यो खंय जातत? त्यो आयुष्यभर हयसरच." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "भियालात?"

मी मान हलवली. खोटं बोलायलाही तोंडाला ओल नव्हती.

मामांनी मला त्या जबड्यापाशी नेलं. "ह्याच्या तोंडात हात घाला," म्हणाले. मी घातला. "आता सुळो दाखवा." मी शोधला. सुळा नव्हता. पुढे ते दोन दात, मग बरीच मोकळी जागा, आणि मागे रुंद, दळायला केल्यासारख्या दाढा.

"जनावर केवढा, तर गेंड्याएवढा. समोर उभा ऱ्हवला तर माझी तुमची वाट लागली असती. पण सुळो नाय. म्हणजे काय?"

"शाकाहारी," मी तोंडी परीक्षेतल्यासारखं म्हटलं.

"पालो खाता तो," मामा म्हणाले. "आता भायर चला. ती चाळीस जणां आसत ना, त्यांची आधी तोंडां बघा. दात बघून भियाचा नाय. सुळे आसत काय, ता बघूचा."

बाहेर गेले. पहिल्याच बाकावरचा सहा फुटी मुलगा ट्रेपासून हातभर लांब उभा होता. "मॅडम, माझं झुरळ अजून हलतंय ना," असं तो म्हणाला तेव्हा त्याचा आवाज माझ्याहून बारीक होता. पालाच खाणारा निघाला.

त्या जनावराचं नाव डायप्रोटोडॉन. मामा प्रॅक्टिकलला 'पॅटिकल' म्हणत आणि मायक्रोस्कोपला 'मायकोस्कोप', पण डायप्रोटोडॉन हा शब्द मात्र एकही अक्षर न सांडता उच्चारत. पूर्वीच्या कोणा प्राध्यापकांनी जबड्याचा तो साचा ऑस्ट्रेलियाहून मागवला होता आणि मामांना सगळं समजावून सांगितलं होतं. कांगारूसारखा पोटाला पिशवी असलेला प्राणी. पिशवीवाल्यांमध्ये एवढा मोठा दुसरा झाला नाही. झाडपाला, झुडपं खायचा. हजारो वर्षांपूर्वी संपला. नावाचा अर्थ एवढाच, 'दोन पुढचे दात'. ज्या शास्त्रज्ञाने ते नाव दिलं त्याच्यापुढे एका गुहेतून आलेली थोडीशी हाडं होती. त्यात जबड्याचा तुकडा होता, दात होता. जे दिसलं त्यावरून त्याने बारसं उरकलं.

मामांना हे नाव मुळीच पसंत नव्हतं. "दोन दात बघल्यान आणि नाव ठेवल्यान," ते तक्रार करत, जणू तो शास्त्रज्ञ त्यांच्याच वाडीतला होता. "अरे, पोटाक पिशवी आसा, पिशवीत पोर आसा, गरीब जनावर पालो खाऊन जगता. ता कायच नाय? आमच्या गावात एक आंधळी म्हातारी होती. तिका सगळी आंधळी म्हणत. तिचा नाव काय होता, ता ती मेल्यावर कळला." मी एकदा म्हटलं, "मग तुम्ही काय नाव दिलं असतं?" ते म्हणाले, "मी आधी वाट बघलंय असतंय. सगळी हाडां येऊ देत, मग बारसा."

पुढे आमची एक खूण ठरली. ठरली म्हणजे मामांनीच ठरवली. प्रधान सर माझा तास बघायला मागच्या बाकावर येऊन बसले होते. मी बेडकाचं रक्ताभिसरण सांगत होते. सरांनी चष्मा काढला. पुसायला लागले. माझ्या हातातला खडू पडला, तो उचलायला वाकले तर डस्टर पडलं. वर बघते तर दाराच्या काचेपलीकडे मामा. त्यांनी उजव्या हाताची दोन बोटं जोडून खालच्या ओठाखाली धरली होती, पुढे रोखून, जबड्यातल्या त्या दोन दातांसारखी. पालो खाता तो! मला हसू आलं, आणि हसू आलं तशी हृदयाची झडप आठवली. तास संपल्यावर सर जवळ आले. "तुमच्या डोक्यावरचा पंखा फार आवाज करतो," ते म्हणाले. "सांगतो मी दुरुस्त करायला." आणि गेले.

त्यानंतर विद्यापीठाचे परीक्षक, संपाच्या दिवसांतले घोषणा देणारे विद्यार्थी, मला बघायला आलेला एक मुलगा आणि त्याची आत्या, या सगळ्यांपुढे मी कुठून ना कुठून ती दोन बोटं पाहिली. आत्याच्या वेळी मामा नव्हते. तेव्हा मी ओढणीआड स्वतःच धरली.

पण मामा सगळ्यालाच 'पालो खाता' म्हणत असं नाही. हे मला एका थंडीतल्या संध्याकाळी कळलं. कॉलेज डोंगराच्या पायथ्याशी होतं आणि आम्ही दोघंही भांडुपला राहणारे, म्हणून बसस्टॉपपर्यंत बरोबर चालत जायचो. दिवेलागण झाली होती. रस्त्यावरची कुत्री भुंकत होती ती एकदम गप्प झाली. मामा थांबले. समोरच्या कंपाउंडच्या भिंतीवर बिबळ्या बसला होता. शेपूट भिंतीवरून खाली सोडलेलं, आरामात. त्याने आमच्याकडे बघून जांभई दिली आणि मला त्याचं सगळं तोंड दिसलं. मामांनी माझं मनगट धरलं.

"ह्याका सुळे आसत," ते पुटपुटले. "पळा नको. पाठ दाखव नको. माझ्यावांगडा मागे मागे ये."

आम्ही तसेच मागे मागे कॉलेजच्या फाटकात आलो आणि वॉचमनच्या केबिनमध्ये घुसून दार लावून घेतलं. मामा स्टुलावर बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मी चिडवलं, "मामा, तुम्हीपण घाबरता?"

"न भियाक मी काय दगड आसंय?" ते म्हणाले. "भियाचा नाय, असा मी कधी म्हटला? आधी तोंड उघडून बघूचा. सुळे दिसले तर भियाचा, आणि झटक्यान जा काय करूचा ता करूचा. न बघता भिता, तो येडो. आणि बघून भियत नाय, तो त्याच्यापेक्षा येडो." त्या दिवसापासून मी मॅडमची 'बाय' झाले आणि 'तुम्ही'ची 'तू'. चारचौघांत मात्र मॅडमच.

'आधी तोंड उघडून बघूचा' हे मामांचं वाक्य मी पुढे हजारदा आठवलं आहे. आठवून काय उपयोग.

मामांची स्वतःची एक भीती होती, इस्पितळाची. मामी पोटाच्या साध्या ऑपरेशनला म्हणून गेल्या आणि घरी आल्या नाहीत. तेव्हापासून मामा इस्पितळ असलेल्या रस्त्याने जात नसत, लांबचा वळसा घेत. कॉलेजात एकदा आरोग्य तपासणीचं शिबिर भरलं. पांढऱ्या कोटातली माणसं आली आणि मामा गायब. मी शोधत शोधत बरण्यांच्या खोलीत गेले. नाग आणि घोरपड यांच्या मध्ये, मी उभी होते त्याच जागी, मामा उभे होते. "बरण्यो बघतंय," ते म्हणाले. मी दोन बोटं ओठाखाली धरली. ते हसले नाहीत. "त्यांका सुळे आसत गो," म्हणाले. मी त्यांना तिथेच राहू दिलं आणि बाहेर सांगितलं की मामा रजेवर आहेत.

आता ज्या दिवसासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो दिवस.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सुट्टी लागायच्या आधी, मामा प्रयोगशाळेतल्या हत्यारांची पूजा करत. मायक्रोस्कोप, चिमटे, कात्र्या सगळं एका टेबलावर ओळीने, आणि मधोमध जबडा. प्रत्येक वस्तूला हळदकुंकू, जबड्याला झेंडूची माळ. माझ्याकडे फक्त फूल देत. "तुमच्यात हळदकुंकू नाय, ठाऊक आसा. फूल तर चलता मा? आणि उद्या तुमचोपण सण." मी मायक्रोस्कोपवर फूल ठेवी. हे दर वर्षीचं. चौऱ्याऐंशीच्या त्या दिवशी नारळ फुटला, खोबरं वाटलं, आणि मी बघितलं की मामांनी स्वतःचं खोबरं खिशात टाकलं. सगळे गेल्यावर विचारलं, तर म्हणाले, "झोंबता." मग दार लोटून घेतलं, स्टुलावर बसले आणि मायक्रोस्कोपचा दिवा माझ्याकडे सरकवला.

"बाय, तोंड बघ जरा. तू डॉक्टरच."

"मामा, मी बेडकांची डॉक्टर."

"बेडूक काय, माणूस काय. मास ता मासच."

मी दिवा धरला. त्यांनी तोंड उघडलं, तेही पुरतं उघडत नव्हतं. डाव्या गालाच्या आत, जिथे इतकी वर्षं तंबाखूची गोळी राहिली होती तिथे, पांढरा चट्टा होता. मध्ये लाल, कडा उचललेल्या. एम.एस्सी.च्या वर्षात आम्ही असल्या चट्ट्यांतल्या पेशींच्या स्लाइडा बघितल्या होत्या, वहीत त्यांच्या आकृत्या काढून रंगवल्या होत्या. माझ्या हातातला दिवा हलायला लागला. मला काय दिसतंय ते मला कळलं. हे आजच दाखवायला हवं, डॉक्टर तुकडा काढून तपासतील, उशीर करायचा नाही. एवढीच तीन वाक्यं बोलायची होती. ती तोंडापर्यंत आली.

मग मी मामांकडे पाहिलं. तोंड उघडं आणि डोळे माझ्यावर. बिबळ्यासमोर नव्हते तेवढे ते घाबरलेले होते. ती वाक्यं बोलले तर हा माणूस माझ्यासमोर कोसळेल, त्याला इस्पितळाच्या दारातून मलाच ओढत न्यावं लागेल, आणि मामींसारखा तोही परत येणार नाही, असं सगळं एका क्षणात माझ्या डोक्यात आलं. मी घाबरले. इतकं साधं आहे ते. मी घाबरले, दिवा बंद केला आणि म्हटलं, "पालो खाता."

"नक्की?"

"नक्की. उष्णता झालीय. दूध प्या."

मामांनी डोळे मिटले आणि हात जोडले. मला जोडले की माळ घातलेल्या जबड्याला, ते कळलं नाही. घरी जाऊन मी जेवले नाही. आईला म्हटलं, डोकं दुखतंय.

त्यानंतरचे आठ महिने मी मामांच्या तोंडाकडे बघितलं नाही. बोलताना त्यांच्या गुंडीकडे बघायची. उद्या सांगते, दिवाळी होऊ दे, परीक्षा होऊ देत, असं रोज ठरवायची. दुधावर ठेवलंय तर बरंही झालं असेल, अशी स्वतःची समजूत घालायची. मामांचा डबा बदलला. भाकरी गेली, भात आला, मग पेज आली. ते शर्टाच्या बाहीने ओठाचा कोपरा पुसायला लागले. सकाळी प्रयोगशाळेच्या पायऱ्या चढताना मला पहिल्या दिवशीसारखीच भीती वाटायची, आणि आता ती घालवायला दोन बोटं धरणारं कोणी नव्हतं. मामा धरत होते खरं तर. प्रधान सर आले की काचेपलीकडे बोटं दिसायची. मीच बघत नव्हते.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. पहिल्या सकाळी मी लवकर पोचले. मामा आत होते, दिवा अजून लागला नव्हता. टकटक ऐकू आली. मग त्यांनी नेहमीचे शब्द म्हटले, आणि मला ते कळले नाहीत. तोंडात काहीतरी धरून बोलावं तसा नुसता आवाज आला. दातांवर आणखी एकदा टकटक झाली. त्यांनी पुन्हा म्हणून बघितलं. पुन्हा तसंच.

मी अंधारातच म्हटलं, "मामा, मी खोटं बोलले. दसऱ्याला. मला तेव्हाच दिसलं होतं."

मी दिवा लावला आणि रडायला लागले. मामा स्टुलावर बसले. मला वाटलं, आता ते मारतील तरी नाहीतर शिव्या देतील तरी, आणि दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं. ते हळूहळू, एकेक शब्द सोडवत बोलले. दोनदा सांगावं लागलं तेव्हा मला कळलं.

"माका ठाऊक होता. तुझ्या हातातलो दिवो हलत होतो."

"मग गेला का नाही? मला दुसऱ्यांदा विचारलं का नाही?"

"तुकाच कित्याक इचारलंय, ता सांग. प्रधान सरांका इचारलंय असतंय तर त्यांनी खरा सांगितल्यानी असता. तू भित्री. तू सांगूची नाय, ह्या माका ठाऊक होता." त्यांनी बाहीने ओठ पुसला. "माका ताच ऐकूचा होता गो."

आम्ही दोघं त्या जबड्याच्या दोन बाजूंना बसून होतो. दोघांनीही सुळे बघितले होते आणि दोघांनीही पाला म्हटलं होतं.

त्याच आठवड्यात मी त्यांना परळला घेऊन गेले. मोठ्या इस्पितळाच्या दारात ते थांबले. मी त्यांचं मनगट धरलं. "पाठ दाखवायची नाही मामा," म्हटलं. तपासणाऱ्या डॉक्टरांनी दिवा फिरवला आणि विचारलं, "आजोबा, इतके महिने काय करत होतात?" मी खाली मान घातली. आता मामा माझं नाव घेणार. मामा म्हणाले, "भियत होतंय." डॉक्टरांना कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "घाबरत होते म्हणतात." आम्ही दोघंही घाबरत होतो, असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

ऑपरेशनमध्ये डाव्या बाजूचा खालचा जबडा काढला. आधी आले असते तर गालाच्या एका तुकड्यावर भागलं असतं का, हे मी डॉक्टरांना तेव्हा विचारलं नाही आणि नंतर कोणालाच विचारलं नाही.

ऑपरेशन झाल्यावर मी आठ दिवस गेले नाही. मामांची मुलगी सुलभा जोगेश्वरीला दिलेली होती, ती त्यांच्याजवळ राहत होती. तिने कॉलेजात फोन केला. "ताई, बाबा रोज दाराकडे बघतात. बोलता तर येत नाही. पण तुझीच वाट बघतात, मला कळतं ना." मी सांगितलं की ताप आहे. ताप नव्हता. मला त्यांचा चेहरा बघायची भीती वाटत होती. नवव्या दिवशी गेले ती सुलभाच्या धाकानेच.

लांब वॉर्ड होता. मी खाटा मोजत, जमिनीकडे बघत चालले. सुलभा म्हणाली, "ही बघा बाबा, आली." मी मान वर केली आणि लगेच खाली घातली. अर्ध्या चेहऱ्यावर बँडेज, त्याखाली जिथे काहीतरी असायला हवं तिथे काही नाही, आणि नाकातून नळी. माझ्या तोंडून बारीक आवाज निघाला असावा. पहिल्या दिवशी अंधारात निघाली होती त्या किंकाळीसारखाच, फक्त दबलेला.

मग खाटेच्या कडेवर टकटक झाली. दोनदा.

मी वर पाहिलं. मामांनी उजवा हात उचलला होता. सलाइनची सुई त्याच हातात होती, म्हणून तो सावकाश वर आला. त्यांनी दोन बोटं जोडली आणि त्या बँडेजखाली, जबडा नव्हता तिथे, पुढे रोखून धरली. डोळे माझ्याकडे. हे सगळं बघून भिऊ नकोस, असं ते मला सांगत होते. ते मला! मी ज्यांना आठ महिने मारत होते ते.

मग त्यांनी तीच बोटं स्वतःच्या डोळ्यांकडे नेली आणि मला खुणावलं. बघ.

मी बघितलं. खाटेजवळ गेले, बसले, आणि दसऱ्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्याकडे नीट, पुरतं बघितलं. बँडेज, नळी, सुजलेला गाल, सगळं बघून झालं. त्या सगळ्यात धुरीमामाच होते. मी म्हटलं, "मामा, मला अजून भीती वाटतेय." त्यांनी मान हलवली. वाटणारच, असं असावं ते. माझा हात धरून ठेवला आणि झोपले.

ते दसऱ्यापर्यंत राहिले नाहीत. गणपती उठले त्या आठवड्यात गेले, सुलभाच्या घरी. इस्पितळात नाही, एवढं तरी झालं. त्या वर्षी हत्यारांची पूजा कोण करणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी प्रधान सरांनी चष्मा काढला, पुसला, डोळेही पुसले, आणि जबड्याला माळ घातली.

मी त्याच कॉलेजात राहिले, आता माझ्याकडे मुली डेमॉन्स्ट्रेटर म्हणून येतात. दर वर्षी जूनमध्ये कॉलेज उघडलं की मी शिपाई, माळी, कँटीनवाले, सगळ्यांना स्टुलावर बसवते आणि दिव्यासमोर तोंड उघडायला लावते. मी डॉक्टर नाही हे आधी सांगते. बहुतेक वेळा काही नसतं. पण आजवर चौघांच्या तोंडात मला ते दिसलं, आणि चारही वेळा माझ्या हातातला दिवा हलला. चारही वेळा मी म्हटलं, "सुळे आहेत. चला, मी येते बरोबर." त्यातले तिघं आजही कामावर येतात.

नव्या मुलींना मी जबडा दाखवते, नावाचा अर्थ सांगते, दोन पुढचे दात. त्या विचारतात, "मॅडम, एवढा मोठा होता, पण फक्त पाला खायचा?" मी म्हणते, "हो, शाकाहारी होता." मामांच्या शब्दांत मी ते पुन्हा कधी म्हटलं नाही.